एकाच लिंबावरची गुळवेल

तलवाड्यात त्या वर्षी एकवीस घरांत लोकांच्या पायांतून नारूचा किडा निघाला. पायऱ्यांच्या बारवेचे तेच पाणी पिणाऱ्या तुळजाबाईच्या घरात तो नऊ वर्षांत एकदाही निघाला नव्हता. दवाखान्याच्या ओसरीवर मलम घोटणाऱ्या कंपाउंडर बसप्पाच्या कानावर, पायाला पट्टी बांधलेल्या बायनाबाईने तुळजाबाईला विचारलेला सवाल पडला.

“आत्याबाई, तुमच्यात नारू कावून निघत न्हाई?”

“गुळवेल. रोज ठेचून घागरीत टाकते.”

“तुमच्याच लिंबावरची मी बी टाकते की. दोन साल झाले, पाय टेकवंना. आता पोरीला निघंल म्हून जीव थाऱ्यावर न्हाई.”

“मन लावून ठेचत नसशील.”

“ठेचून ठेचून वरवंटा फुटला.”

“मग कवळी घेत असशील. जून पायजे, अंगठ्याएवढी.”

“अंगठ्याएवढीच घेते. काड्यासकट पिते, थेंब वाया जाऊ देत न्हाई.”

“काड्यासकट? मला दात न्हाईत, बाई. काडी घशात अडकती. मी सगळी घागरच दुपदरी लुगड्यातून गाळते.”

“गाळल्यावर कस जातो की.”

“जात असंल.”

बसप्पाचा बत्ता थांबला.

“आजी, घरातल्या बाकीच्यांना तर दात आहेत?”

“हायत. पण घागर एकच हाय.”

त्याने मांजरपाटाचा हातभर तुकडा फाडून बायनाबाईसमोर धरला.

“पोरीचं पाणी दुपदरी गाळून द्या.”

“अन् गुळवेल?”

“टाका, नाही तर राहू द्या.”

मग त्याने नोंदवहीत लिहिले: नारूचे बी बारवेच्या पाण्यातल्या बारीक किड्यांतून पोटात जाते. तुळजाबाईच्या घरी ते किडे लुगड्यावर राहतात.