‘नि’ ऱ्हस्व, बाकी ठीक

मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा, तिसरा मजला, मीटिंगची खोली. आधी वेळ आणि जागा, मग रडगाणं... एकतीस वर्षं बातमीदारी केली की तक्रारसुद्धा अशीच तोंडातून बाहेर पडते हो! तर त्या वेळी, त्या जागी आमच्या डिजिटलच्या साहेबांनी पेपरच्या ब्लॉगला कुलूप घातलं आणि वर म्हणाले काय, “सर, यामुळे वाचकाशी थेट नातं आणखी घट्ट होईल!” कुलूप घालून नातं घट्ट! तुम्हाला सांगतो, मी मंत्री झेललेत, ठेकेदार झेललेत, पण कुलूप दाखवून दार उघडंय म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

थांबा, शेपटाकडून सांगायला लागलो. आठ महिन्यांपूर्वी याच खोलीत याच साहेबांनी भिंतीवर चित्रं पाडून आम्हाला ब्लॉगचे फायदे सांगितले होते. वयानं माझ्या पुतण्याएवढा, आवाज असा गुळगुळीत की वाक्य कुठं संपलं ते कळू नये. “सर, पेपर उद्या शिळा होतो, ब्लॉग होत नाही! दोन वर्षांनी कुणी शोधलं तरी तुमचा मजकूर सापडणार! वाचक परत परत येणार! बातमीमागचा माणूस दिसणार! आणि सर्वात महत्त्वाचं...” इथं त्यानं छातीवर हात ठेवला, खोटं नाही सांगत, हात ठेवला! “वाचकाशी थेट नातं!” मी विचारलं, आणि प्रूफ कोण बघणार? तर म्हणतो, “सर, ब्लॉगला प्रूफ लागत नाही. चूक सापडली की आपण केव्हाही बदलू शकतो.” सापडली की! अरे पण सापडणार कुणाला? ते काही चित्रात नव्हतं. त्याच महिन्यात प्रूफचा विभाग बंद झाला आणि वेलांटीबाई घरी गेल्या.

आता वेलांटीबाई कोण म्हणाल... तर हे आमचं टोपणनाव, मागून घ्यायचं, समोर घ्यायची कुणाची छाती होती? आमच्या टेबलांची खोली आणि प्रूफची खोली यांच्यामध्ये लाकडी भिंत आणि भिंतीत वीतभर खिडकी. इकडून मी मजकूर सारायचा, तिकडून एक हात यायचा, करड्या बाहीचा, बोटात लाल पेन्सिल. बावीस वर्षं मी त्या बाईंना मनगटापर्यंत ओळखत होतो म्हणा ना! आणि भांडण! “अहो बातमीदार, ‘परीस्थिती’ कुठली? रि ऱ्हस्व!” मी ओरडायचो, “बाई, तिकडे पूल पडलाय, लोक अडकलेत, आणि तुम्ही वेलांट्या मोजताय?” भिंतीपलीकडून शांतपणे, “पूल कुणीतरी असंच मोजायचं सोडलं म्हणून पडला.” घ्या! यावर बोला काय बोलायचं ते! पण एखादा दिवस असा यायचा की कागदावर एकही लाल खूण नसायची, खाली फक्त दोन शब्द, ‘बाकी ठीक.’ पुरस्कार मिळालेत मला, दोन भिंतीवर आहेत, एक दाराला अडकण म्हणून लावलाय. पण त्या ‘बाकी ठीक’चे कागद... ते मी कुठं ठेवलेत ते तुम्हाला सांगणार नाही.

एकदाच मी त्यांची दुरुस्ती खोडली. ‘दीन जनता’चं मी ‘दिन जनता’ केलं, घाईत होतो, अडून बसलो, तसंच छापलं. सकाळी अख्ख्या शहराला कळलं की आमच्याकडची जनता गरीब नाही, दिवस आहे! बाई रागावल्या नाहीत. महिनाभर नुसता हात आला, आवाज आला नाही. तो महिना... जाऊ द्या. हे मात्र लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर बाई गेल्या. त्या खिडकीवर प्लायवूड ठोकलं आणि प्लायवूडवर फलक लावला, ‘बोलते व्हा!’ मी विनोद करत नाही, माझ्या टेबलावरून अजून दिसतो. मी त्यांचा पत्ता मागायला आस्थापनेत गेलो, तर तिथली मुलगी म्हणाली, “सर, ती खासगी माहिती आहे.” मी म्हटलं, अगं, बावीस वर्षं... तर म्हणाली, “मग तुमच्याकडे असेलच ना?” बरोबर होतं तिचं. बावीस वर्षं मी गावभर लोकांना नाव, पत्ता, फोन विचारत हिंडलो आणि भिंतीपलीकडच्या माणसाला विचारलं नाही. भिंत होतीच की! रोज होती! रोज असणाऱ्याला कोण पत्ता विचारतो?

मग काय, लिहू लागलो ब्लॉग. पहिला लेख सरकारी रुग्णालयाच्या बंद लिफ्टवर. वाचला एक्केचाळीस जणांनी, त्यात चार वेळा माझी ताई. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आम्ही दोघंच घरी, दोघांचेही संसार व्हायचे राहून गेले, म्हणून एकमेकांवर देखरेख. आणि लेखाखाली एकच प्रतिक्रिया, नावाच्या जागी ‘एक वाचक’. काय लिहिलं होतं? “तिसऱ्या ओळीत ‘नागरीक’. रि ऱ्हस्व. बाकी ठीक.”

अहो, मी खुर्चीतून उठलो! एकटाच उठलो, एकटाच बसलो, परत वाचलं, परत उठलो! जगात ‘बाकी ठीक’ असं पूर्णविराम देऊन लिहिणारी दुसरी व्यक्ती आहे का? दुपारभर मी त्या तीन वाक्यांकडे बघत बसलो आणि साहेब पाठीमागून जाताना म्हणाले, “बघा सर, वाचकाशी थेट नातं!” पहिल्यांदाच मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही.

आणि मग मी चुकू लागलो. हसू नका! एकतीस वर्षांची अब्रू पणाला लावून चुकू लागलो. दर लेखात एक चूक, निवडून, पारखून, फार बटबटीत नको, ओळखू येईल... ‘आणी’ घातलं, आलं उत्तर, “णि ऱ्हस्व.” ‘निर्भिड’ घातलं, “भी दीर्घ, आणि तुम्ही तर नक्कीच.” तुम्ही तर नक्कीच! याचा अर्थ काय लावायचा माणसानं? ताई वाचून म्हणाली, “काय रे, चुकतोयस की चुकवतोयस?” मी म्हटलं, घाईत होतं गं. ती म्हणाली, “घाईत? एक लेख तीन दिवस लिहितोस हल्ली.” आणि साहेबांचे सगळे फायदे, ऐका, मी उघडपणे मान्य करतो, सगळे खरे ठरले! वाचक परत परत येणार म्हणाले, आला! बातमीमागचा माणूस दिसणार म्हणाले, दिसला! मी माध्यमांच्या भवितव्याला तासन् तास शिव्या घालणारा माणूस, ब्लॉगचा भक्त झालो की हो!

मग एकदा हव्यास झाला आणि एका लेखात तीन चुका पेरल्या. उत्तर आलं त्यात एकही दुरुस्ती नव्हती. फक्त एवढंच, “तुम्ही असे चुकत नव्हता. तब्येत बरी आहे ना?”

बावीस वर्षांत हे भिंतीतून आलं नव्हतं.

काय लिहू मी? ‘बरी आहे’ लिहिलं, खोडलं. ‘बरी नाही’ लिहिलं, ते तर ताबडतोब खोडलं. शेवटी सोमवारी नवा लेख टाकला, बसथांब्यांच्या मोडक्या बाकांवर, आणि शेवटच्या ओळीत लिहिलं, “ज्यांना या लेखात चूक दिसेल, त्यांनी शनीवारी चार वाजता कार्यालयासमोरच्या चहाच्या दुकानात येऊन ती समक्ष दाखवावी. येणार का, ते खाली कळवावं.” ‘शनीवारी’, मुद्दाम, नी दीर्घ.

आणि मंगळवारी, सव्वाअकराला, तिसऱ्या मजल्यावर... आलं लक्षात? साहेब भिंतीवर चित्रं पाडून सांगतायत, “सर, कुणीतरी सतत आपल्या चुका काढतंय. ब्रँडला धक्का बसतो. आजपासून प्रतिक्रिया आधी मंजूर होणार, मगच दिसणार.” मी टेबलावर मूठ आपटली, साहेबांचं पाणी सांडलं, पण काही उपयोग नाही, कुलूप लागलं.

त्याच संध्याकाळी लेखाखाली आकडा उमटला. एक. एक प्रतिक्रिया मंजुरीसाठी थांबलेली! आत काय आहे, दिसत नाही. साहेबांना म्हटलं उघडा, ते म्हणाले, “ते तांत्रिक विभाग बघतो.” तांत्रिक विभाग म्हणाला, “आम्ही फक्त कुलूप बसवतो, किल्ली बाहेरच्या कंपनीकडे.” बाहेरची कंपनी म्हणाली, “तुमच्याकडून मंजुरी देणाऱ्याचं नाव यायचंय, तो रकाना कोरा आहे.” परत साहेबांकडे. म्हटलं, माझं नाव घाला! तर म्हणाले, “सर, तुम्ही लेखक. हितसंबंध येतो.” हितसंबंध! तोच तर येतोय हो! नव्या लेखाखाली टीप टाकली की प्रतिक्रिया मी अडवलेली नाही, तर तासाभरात टीप गायब, “अंतर्गत बाबी ब्लॉगवर नकोत.”

शनिवारी बसलो त्या दुकानात, चार ते साडेसहा. पाच चहा झाले. कोणी आलं नाही. पुढच्या शनिवारी परत बसलो. चहावाल्यानं विचारलंसुद्धा नाही, फडका मारून जागा दाखवली.

आत ‘येते’ असेल, ‘येणार नाही’ असेल, किंवा नुसतं ‘नि ऱ्हस्व’ असेल... मला तिन्ही चालतील हो! पण त्या तिथं घरी बसून बघत असतील ना, की आपली दुरुस्ती छापली नाही. बातमीदारानं परत खोडली. ‘दीन’सारखी. मी एकतीस वर्षं भल्याभल्यांच्या तोंडून उत्तरं काढली आणि माझ्याच कचेरीतून मला एक ओळ बाहेर काढता येईना. साहेब परवा जिन्यात भेटले, म्हणाले, “सर, आकडे छान आहेत. वाचकाशी थेट नातं!” मी म्हटलं, हो ना.

आज एकोणीस दिवस झाले. पान उघडलं की तळाला तीच ओळ येते, “मंजूरीच्या प्रतिक्षेत : १”. जु ऱ्हस्व हवा, ती दीर्घ. या दोन चुका माझ्या नाहीत. आणि मंजुरी कुणी द्यायची, तो रकाना आज सकाळी अकरापर्यंत कोराच आहे.