माझ्या साखरेचं पथ्य

साखर माझी वाढली होती, हे आधी लक्षात ठेवा. हिचीही थोडी जास्त होती, पण तिकडे कोण बघतंय? डॉक्टरांनी मला महागडं काहीच सांगितलं नाही. ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी आणि रोज पाऊण तास चालणं. फरक पडला नाही तर गोळ्या वाढवीन, असा दमही दिला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं कोथरूडच्या बागेत. एक फेरी झाली की मी बाकावर बसायचो. "तू हो पुढे, मी आलोच." ही पाच फेऱ्या मारून येईपर्यंत मी कोपऱ्यावरच्या गाडीवर दोन वडे खाऊन परत बाकावर! घरी गेल्यावर भाकरी-मटकीचं ताट समोर आलं की म्हणायचो, "आज भूक नाही गं."

"मग टाकून देऊ का?" असं म्हणत ही आपली पोळी बाजूला ठेवून माझं ताट संपवायची.

तीन महिन्यांनी दोघांचे रिपोर्ट आले. माझी साखर आणखी वर, हिची एकदम नॉर्मल. डॉक्टर चकित झाले.

"काकू, तुम्ही केलंत तरी काय?"

"काही नाही हो. ह्यांचं उरलेलं खाल्लं."

डॉक्टर लिहायला लागले. कागद हातात आला, तर पथ्य तेच, वर नाव हिचं.

"अहो डॉक्टर, आणि माझं?"

"तुमच्या गोळ्या वाढवल्यात काका. आणि जेवायला आता काकूंचं उरलेलं."