एकानं तरी सोडायचं की

आमच्या आण्णांची माया ऐका. आण्णा म्हणजे माझे चुलते. मी आणि माझा दोस्त पव्या मोबाईलवर सिरीज बघत होतो. त्यात माणसं एका मुक्या राक्षसाला साखळीनं बांधून उपाशी मारतात आणि गाव नुसतं बघतं.

पव्या म्हणाला, "बघणारेच खरे हरामखोर."

मागून आण्णा कळवळले, "व्हय रं, एकानं तरी सोडायचं की!"

तेवढ्यात गोठ्यात जर्सी गाईचा गोऱ्हा हंबरला. नर म्हणून आण्णांनी त्याचं दूध तीन दिवसांपासून तोडलं होतं.

मी विचारलं, "आण्णा, ह्याला प्यायला सोडू?"

"गप! कॉलेज सोडलेल्यानं आमाला शिकवू नगं. दूध डेरीला जातंय."

मी परत मोबाईलमध्ये डोकं घातलं.

सकाळी गोऱ्हा मेलेला. पव्यानं विचारलं, "तू का नाही सोडलंस?"

माझ्या हातात गोऱ्ह्याच्याच आईच्या दुधाचा चहा होता.