पडवीतली कचेरी

विश्वास म्हणून कुणी ठेवला नाही हो माझ्यावर! घसा फोडून सांगत होते, ह्या कचेरीला माझ्या पडवीतून हलवू नका, तर अख्खी ग्रामसभा खो खो हसली. "हौसावैनी गंमत करतायत!" गंमत? मी फटकळ आहे, कबूल, पण फटकळ बाई बोलेल ती सगळी थट्टाच होय?

तुम्हाला सांगते, पंचायतीला जागा नव्हती, म्हणून कपाट आणून ठेवलं माझ्या पडवीत. कपाटामागून ग्रामसेवक आला, ग्रामसेवकामागून तलाठी. धोंडू पोस्टमन टपालाची पिशवी माझ्या म्हशीच्या खुंट्याला अडकवायचा, आणि नर्सबाई टोचायला आल्या की पोरांचा असा आकांत, की म्हैस दूध चोरायची! तलाठीभाऊसाहेब तर गावचा नकाशा पसरायचे तो थेट माझ्या वाळत घातलेल्या आमसुलांवर. नकाशाला लाल डाग पडला, तर वर मलाच म्हणतात, "वैनी, तुम्ही खाडीला पूर आणलात की!" मी म्हटलं, "उचला तो कागद, नाहीतर अख्खा तालुका बुडवीन!" असं रोज. चहा द्यायचा, शिव्या घालायच्या, मजेत चाललं होतं... म्हणजे, त्रास होता हो, फार त्रास!

मग टूम निघाली, सगळी खाती एका छपराखाली आणायची. वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, एस्टीच्या थांब्याजवळ, चार खोल्यांची इमारत. मंडणगडहून साहेब आले आखणी करायला, तीही माझ्याच पडवीत बसून, माझाच चहा पिऊन! मी म्हटलं, "साहेब, सड्यावर ना पाणी ना सावली, वाऱ्यानं कौलं उडतील. आहे ते काय वाईट आहे?" तर आमचा दत्ताराम सरपंच हात जोडतो, "वैनी, आता किती सोसाल? सुटलात तुम्ही!"

सुटलात! जो तो तेच. कपाट उचलणारे गडी, "सुटलात वैनी!" धोंडू पिशवी काढताना, "सुटलात!" शेजारची चिमा तर गळ्यात पडली, "नशिबाची गो बाय तू, सुटलीस!" अगो, सुटले म्हणजे कुठं गेले मी? मी तिथंच, पडवी तिथंच. पोरी सासरी, हे मुंबईला गोदीत. कपाट होतं तिथं भिंतीवर नुसता चौकोन राहिलाय. आणि म्हैस? ती मेली आता गपचूप दूध देते, तिला शिवी घालायलासुद्धा कारण उरलं नाही!

एकदा चढले सडा, किटली घेऊन. बघते तर ज्याला त्याला आपली खोली, दाराला पाटी. ग्रामसेवक विचारतो, "काय काम होतं वैनी?" काम! माझ्या पडवीत अर्धा गाव बिनकामाचा लोळायचा, मी विचारलं होतं कधी कुणाला? भाऊसाहेब म्हणतात, "दाखला हवाय का?" कसला दाखला देताय? मी आहे म्हणून?... ओतला चहा, आले उतरून.

वाटेत दत्तारामाला गाठला. "कुणाच्या डोक्यातलं रे हे खूळ?" तर हसतो कसा! "वैनी, तुमच्याच घरातलं! मुंबईला आपल्या गावाचं मंडळ आहे ना, तिथं दादा उभे राहिले. म्हणाले, आमच्या मंडळींना फार त्रास होतो. चाळीचाळीतून वर्गणीला हिंडले, म्हणून तर सुटलात!"

हे शिमग्याला आले की मीच रडगाणं लावायचे, किती ही माणसं, किती पसारा, एकटीनं किती निस्तरू... का? तर म्हटलं, ऐकून चार दिवस जास्त राहतील! एवढी साधी गोष्ट कळू नये? राहायचं सोडून इमारत धाडली!

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणतात. नाहीच घेतलं कधी. पण आता विचारा ना मला, पडवी कुणी ओस पाडली? घेते नाव, खुशाल घेते, ऐकायला आहे कोण तिथं?

महिपत!