टॉमची पिकअप

माझ्या एक्सेलच्या याद्यांना हसता ना, मग हे ऐका. लॉकडाऊनमध्ये आयर्लंडमधल्या कासलबारला आमच्या शेजारच्या टॉमला मोठी सेकंडहँड पिकअप घ्यायची होती आणि तो दोन गाड्यांमध्ये अडकला होता. मी इंजिन, मायलेज, हौद्याची लांबी-रुंदी, सगळी तुलना करून दिली. त्यानं एकच विचारलं, “चढायला कुठली सोपी? मॉरीनचे गुडघे दुखतात.” मॉरीन त्याची बायको. ती तेव्हा हॉस्पिटलमध्ये होती, भेटायला बंदी. चढायची उंची माझ्या यादीत नव्हतीच. डीलरला विचारून ती घातली.

चार दिवसांनी टॉमचा फोन आला. “मॉरीन गेली रे. आता उंची राहू दे. मागचा हौदा कुठल्या गाडीचा लांब आहे? चर्चला तिला मीच नेणार.”

तो आकडा मात्र माझ्या यादीत होता.