संध्याकाळचं वजन

(पक्ष्यांचा दवाखाना. सकाळ. टेबलावर मेलेला एक इवलासा वटवट्या.)

डॉक्टर : ...तुमचा काही दोष नाही, मावशी. दिव्याची ऊब द्यायला मीच सांगायला हवं होतं.

मावशी : असं नका बोलू. मला ऐकवत नाही.

डॉक्टर : खरं तेच बोलतेय. काल निघताना मी तक्ता बघितला. संध्याकाळचं वजन बारा ग्रॅम. म्हटलं, गडी दिवसभर नीट जेवलाय, काढेल रात्र. दिवा एकच, तो घुबडाच्या पिल्लाला दिला. चुकलं माझं.

मावशी : बारा असते तर निघाली असती रात्र?

डॉक्टर : निघायलाच हवी होती. अहो, एवढ्याशा जिवाची चरबी म्हणजे एका रात्रीपुरता शिधा. दिवसा खाऊन साठवायचा, रात्रभर कुडकुडत जाळायचा. त्या कुडकुडण्यानंच अंगात ऊब राहते. साठा संपला की संपलं. पण बारा ग्रॅमवर संपला कसा? आत्ता हातात घेतला, तर छातीचं हाड नुसतं टोचतंय.

मावशी : मला तर गुबगुबीत दिसला हो. अगदी चेंडू.

डॉक्टर : थंडीनं पिसं फुगवली असणार. आत काही... थांबा. दिसला म्हणजे? काट्यावर घेतलात ना?

मावशी : काट्याची बॅटरी गेली होती. नवी आणायची तर मागच्या खोलीपर्यंत जायचं, आणि माझी घरी निघायची वेळ. कंटाळा केला मी. रोज सकाळी अकरा, संध्याकाळी बारा. म्हटलं, आजही बाराच असेल. लिहून टाकलं.

डॉक्टर : आणि अळ्यांची वाटी?

मावशी : भरलेली होती. वाटलं, दुपारी कुणीतरी पुन्हा भरली. त्यानं तोंडच लावलं नव्हतं, हे नाही आलं डोक्यात. दहा वर्षं इथं पिंजरे घासले, डॉक्टर, आणि काल चार पावलं जायला काय धाड भरली होती मला!

डॉक्टर : बसा. बसा आधी.

मावशी : ओरडा माझ्यावर. तुम्ही स्वतःला बोल लावत होतात, ते सोसवेना.

डॉक्टर : ओरडेन नंतर. आता ते आजोबा येतील. शर्टात गुंडाळून आणला होता त्यांनी त्याला. मी सांगते, थंडीनं गेला. खोटंही नाही ते.

मावशी : नका. थंडी काय, सगळ्याच पिंजऱ्यांना होती. त्यांना मी सांगते.