अकराव्या दिवसाचं इंजेक्शन

सांगायलाच पाहिजे का? पेटी उघडू नका म्हटलं, तेवढं पुरे नाही? तुम्हा डॉक्टर लोकांना नुसतं 'नको' कळतच नाही. बरं, ऐका — पण पेटी मिटूनच ठेवा. तुमच्या आधीचा तो चष्मेवाला, त्यानंच आणलं हे औषध — म्हणे नऊच्या नऊ गाई एकदम माजावर येणार, एकाच दिवशी भरवायच्या, एकाच आठवड्यात विणार. पहिलं इंजेक्शन त्यानं टोचलं. दुसरं अकराव्या दिवशी — ते म्हणाला तुम्हीच द्या, मला वेळ नाही — आणि बाटली ठेवून गेला. बाटलीवर मुंगीएवढी अक्षरं. मला मोठी वाचता येत नाहीत, ही कुठली वाचणार?

आणि माझे हात हे असे — कप धरला की बशी वाजते. मुलगा गाईला बघूनच मागं सरतो. मग सुई कोण भरणार? सून. तिचा हात असा की टोचलेलं गाईला कळत नाही. बाटलीचं बूच गळत होतं, तिचे हात ओले झाले, कपड्याला पुसले — हसत होती, "मामंजी, नऊही बाळंतपणं मीच करणार हं." दुसऱ्या दिवशी तिलाच दवाखान्यात न्यावं लागलं. दिवस जाऊन दोन महिने झाले होते, पोट पडलं. मला काय माहीत? तिसरा लागल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलेलं. गाईचा माज मला आदल्या दिवशी कळतो, आणि घरातलं — जाऊ द्या. तिथली डॉक्टरीण म्हणाली, औषधानंच झालं असं सांगता येत नाही, नाही झालं असंही सांगता येत नाही. आता याचं मी करू काय?

काय? बोलला नव्हता का तो? — बोलला होता. जाता जाता, गाडीला किक मारताना — "बाईमाणसाच्या हाताला लागू देऊ नका." का, ते नाही. मला वाटलं, बायकांना जमत नाही म्हणतोय. मीच वर तोंड करून म्हटलं, "माझी सून तुझ्यापेक्षा बरी टोचते." तोही हसला. गेला.

नवातल्या सात गाभण राहिल्या. सातही वासरं तिनंच ओढून काढली, पुसली, उभी केली. मला एका शब्दानं बोलली नाही. चहा वेळेवर देते. बोलली असती तर —

ती आलीच बघा, बादली घेऊन. उचला पेटी. निघा म्हटलं ना! आणि तो भेटला तर सांगा, अर्धं बोलून गेलास, उरलेलं अर्धं तिच्यासमोर येऊन बोल. माझी माफी मागायचा राहिलाय तो — तुमचा चष्मेवाला डॉक्टर.